मुर्ध्याच्या पालकांशी शाळेने बोलावे : मीरा-भाईंदर महापालिकेस खुले पत्र

प्रति,
आयुक्त आणि शिक्षण विभाग,
मीरा-भाईंदर महानगरपालिका

विषय : मुर्धा व लगतच्या गावांतील पालकांना मुलांचे शिकणे समजावून सांगण्याची व्यवस्था



बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, आणि तेव्हापासून त्याच्यावरील सार्वजनिक चर्चा मुख्यतः दोन-तीन तरतुदींभोवतीच फिरत राहिली : खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा, आठवीपर्यंत अनुत्तीर्ण न करण्याचे धोरण आणि शाळा-इमारतींचे निकष. त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत आणि त्यांत असेही म्हटले आहे की शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात व मुलाची उपस्थिती, त्याची शिकण्याची क्षमता, शिकण्यात झालेली प्रगती आणि त्याच्याविषयीची अन्य आवश्यक माहिती त्यांना द्यावी. ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण करणे हे कर्तव्य ज्या यादीत आहे त्याच यादीत, त्याच वजनाने, हेही कर्तव्य आहे. त्यात कसूर झाल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, असेही ते कलम सांगते. अभ्यासक्रम मागे राहिला म्हणून शिक्षकाला विचारणा होते. पालकाला आपल्या मुलाचे शिकणे समजले नाही म्हणून कोणाला विचारणा झाल्याचे मात्र ऐकिवात नाही.

ही तरतूद केवळ सरकारी वा महापालिकेच्या शाळांपुरती नाही, तर अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा वगळता (सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने त्या या कायद्याबाहेर आहेत) खाजगी शाळांतील शिक्षकांनाही ती लागू होते. महानगरपालिका ही या कायद्याच्या भाषेत ‘स्थानिक प्राधिकरण’ आहे, म्हणजे आपल्या हद्दीतील प्रत्येक मुलाचे प्राथमिक शिक्षण सुरू होऊन पूर्ण होईल हे पाहण्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकली आहे अशी संस्था. म्हणूनच हे पत्र एखाद्या शाळेला किंवा शिक्षकाला न लिहिता आपल्या कार्यालयास लिहिले जात आहे.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर राई, मुर्धा आणि मोर्वा ही गावे एकमेकांना लागून आहेत. मिठागरांचा हा प्रदेश, पुढे डोंगरी-उत्तनचा किनारा. मूळ वस्ती प्रामुख्याने आगरी, किनाऱ्याकडे कोळी आणि ख्रिस्ती समाज, आणि गेल्या काही दशकांत भाड्याच्या खोल्यांतून राहू लागलेली, कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून आणि गुजरातेतून आलेली कुटुंबे असे या परिसराचे मिश्र रूप आहे. येथील एकाच गल्लीतील चार मुले चार वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळांत जात असतील, कारण महापालिकेच्या शाळाच मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू अशा चार माध्यमांत चालतात आणि त्यांच्या जोडीला खाजगी इंग्रजी शाळांच्या बसगाड्या सकाळी याच रस्त्याने जातात. पालकांपैकी कोणी पहाटेच्या लोकलने मुंबई गाठतो, कोणी मासळी घेऊन बाजारात बसते, कोणी इतरांच्या घरची धुणीभांडी करते, कोणी रिक्षा चालवतो. अशा पालकांची सभा आठवड्यातील कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता बोलावली, तर जो येणार नाही त्याची एक दिवसाची मजुरी वाचते आणि जो येतो त्याची बुडते. या साध्या हिशेबाला शाळांच्या अहवालांत ‘पालकांची उदासीनता’ असे नाव मिळते.

प्रस्तुत पत्राचे प्रतिपादन असे आहे की हे नाव चुकीचे आहे. शिकवणीचे शुल्क भरण्यासाठी जे कुटुंब घरखर्चाला कात्री लावते, वर्षारंभी वह्या-दप्तरासाठी उसने पैसे काढते, त्याला शिक्षणाविषयी आस्था नाही असे म्हणता येत नाही. त्याच्याजवळ नसते ती माहिती : आपले मूल नेमके काय शिकले आहे, कोठे अडले आहे, ते अडणे वयानुसार नैसर्गिक आहे की लक्ष देण्याजोगे, आणि घरी काय केल्याने फरक पडेल. ही माहिती शाळेकडे असते किंवा असायला हवी, आणि ती पालकाला कळेल अशा भाषेत, त्याला जमेल अशा वेळी देणे हे शाळेचे काम आहे.

या विचाराची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे आणि तिचा एक महत्त्वाचा भाग पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातच घडला आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला, आणि १९३० च्या दशकात त्यांनी मराठीतून जी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली तिचा वाचक शिक्षकाइतकाच पालकही होता. मूल हट्ट का करते, त्याला मारल्याने काय होते, खेळातून ते काय शिकते, हे आईबापांना समजावून सांगितल्याशिवाय बालशिक्षण रुजणार नाही, ही त्यांची धारणा होती. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले व अनुताई वाघ त्यात सहभागी झाल्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीच्या इमारतीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी पालकांना दोष देण्याऐवजी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली, आणि त्यातूनच ‘अंगणवाडी’ ही कल्पना उभी राहिली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेल्यानंतर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी ‘कुरणशाळा’ चालवली, म्हणजे जेथे गुरे चरतात तेथेच शाळा. बोर्डी आणि कोसबाड २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात गेले असले तरी मुर्ध्यापासून ते फार दूर नाहीत. अंगणात भरलेल्या बालवाडीचा एक लाभ असा की दारात बसून धान्य पाखडणारी आई आपले मूल मणी ओवताना, रंग ओळखताना, गाणे म्हणताना पाहू शकत होती. तिला शिक्षणाविषयी वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नव्हती. आजच्या शाळेच्या फाटकावर पालकाचा प्रवास संपतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने फाटक आवश्यक असेल, परंतु त्यामुळे जे दिसेनासे झाले ते दाखवण्याची दुसरी सोय करणेही तितकेच आवश्यक होते, आणि ती झाली नाही.

सध्या त्या जागी असते ते प्रगतिपुस्तक. महाराष्ट्रात २०१० पासून प्राथमिक स्तरावर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आहे. तिचे दोन भाग आहेत : आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्षभर शिकत असतानाच तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, गृहपाठ अशा साधनांनी घेतलेला अंदाज, आणि संकलित मूल्यमापन, म्हणजे सत्राच्या शेवटी घेतलेली परीक्षा. दोहोंच्या बेरजेवरून श्रेणी दिली जाते. एकाहत्तर ते ऐंशी टक्क्यांना ब-१, एकसष्ट ते सत्तरला ब-२, असा तो तक्ता आहे. पद्धतीमागचा हेतू चांगला होता, कारण एका परीक्षेच्या भीतीपासून मुलाला सोडवून त्याच्या सर्व अंगांची नोंद घ्यावी असा तिचा रोख होता. तथापि पालकाच्या हाती जी वही पडते तिच्यातील ‘ब-१’ ही खूण आणि ‘प्रगती समाधानकारक’ ही वर्णनात्मक नोंद वाचून चौथीतले मूल दुसरीच्या पुस्तकातील गोष्ट न अडखळता वाचू शकते की नाही, हे कळण्याचा कोणताही मार्ग नाही. त्यातच २०२३ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षेचे महत्त्व आले आहे. चार वर्षे समाधानकारक प्रगती वाचत आलेल्या पालकाला पाचवीच्या अखेरीस एकदम वेगळाच निकाल ऐकावा लागला, तर त्याचा राग मुलावर निघतो, आणि त्यात मुलाचा दोष सर्वांत कमी असतो.

वाचन कळण्यासाठी फार मोठे साधन लागत नाही, हे ‘असर’ या सर्वेक्षणाने २००५ पासून दाखवून दिले आहे. ‘प्रथम’ या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेशी निगडित असलेले हे सर्वेक्षण ग्रामीण भागातील घराघरांत जाते आणि मुलासमोर एक कागद ठेवते. त्यावर सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट एवढेच असते. मूल जेथपर्यंत पोहोचते ती त्याची वाचनपातळी. या चाचणीत भाषेच्या सर्व क्षमता मोजल्या जात नाहीत, हा आक्षेप खरा आहे; पण तिचे खरे सामर्थ्य मोजण्यात नसून दिसण्यात आहे, कारण ती घराच्या उंबऱ्यावर होते, आणि स्वतः निरक्षर असलेली आजीदेखील नातवंड कोठे थांबले हे कानांनी ऐकू शकते. येथे जाता जाता एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे : परिपत्रकांत ‘पालक’ म्हणून आईवडील गृहीत धरलेले असतात, परंतु दोघेही कामावर जाणाऱ्या घरांत दुपारी मुलाजवळ असते ती आजी, आणि सभेला आलेल्या आजीला ‘आईला पाठवा’ असे सांगून परत पाठवणे हा त्या मुलाच्या बाबतीतला सर्वांत माहीतगार माणूस गमावण्याचा प्रकार आहे.

पालकांना विश्वासात न घेता केलेला शैक्षणिक बदल कसा फसतो, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्राने २०१९ च्या जूनमध्ये पाहिले. त्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीस, सत्तावीस यांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’, ‘वीस सात’ असे संख्यावाचनही दिले होते. गणितज्ञ मंगला नारळीकर या गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. बदलामागचे कारण भाषिक आणि गणिती असे दोन्ही होते. मराठीत एकवीस ते नव्याण्णव या संख्यांची नावे एकक आधी आणि दशक नंतर अशी बनलेली आहेत, मात्र त्या लिहिताना दशक आधी येते. म्हणून ‘सत्तावीस’ ऐकणारे मूल प्रथम सात ऐकते आणि ७२ लिहून मोकळे होते. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास यांची भर पडते, ज्यांत ऐकू येतो तीस, चाळीस, पन्नास आणि लिहायचे असतात दोन, तीन, चार. आणि हा नियम पाठ झाला असे वाटते तोवर नव्याण्णव हा शब्द ‘एकोणशंभर’ न होता वेगळ्याच रूपात समोर येतो. जोडाक्षरांनी भरलेली ही जवळजवळ शंभर स्वतंत्र नावे सहा-सात वर्षांच्या मुलाने स्थानिक किमतीची संकल्पना (म्हणजे अंकाचे मूल्य त्याच्या जागेवरून ठरते हे तत्त्व) शिकत असतानाच आत्मसात करायची असतात. दक्षिणेकडील भाषांत आणि इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आधी बोलले जाते, त्यामुळे तेथे हा विशिष्ट अडथळा येत नाही.

पुस्तकात जुनी नावे काढून टाकलेली नव्हती. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी होत्या आणि नवी पद्धत ही आधाराची पायरी म्हणून होती. पण पालकांना हे कोणी सांगितलेच नव्हते. त्यांना ते दूरचित्रवाणीवरून आणि फोनवर फिरणाऱ्या विनोदांतून समजले, विधिमंडळात त्यावर टीका झाली, आणि मराठी भाषा बुडवण्याचा हा डाव आहे इथपर्यंत मजल गेली. आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने सांगण्यासारखेही होते, कारण बाजारात, बसमध्ये, घरात सर्वत्र जुनीच नावे चालतात आणि मुलाला अखेर तीच लागणार असतात. मात्र वादाच्या या गदारोळात ज्या मुद्द्याचा फायदा प्रत्येक घराला झाला असता तो हरवला : २७ च्या जागी ७२ लिहिणारे मूल मठ्ठ किंवा बेफिकीर असतेच असे नाही, ते भाषेने सांगितलेला क्रम प्रामाणिकपणे पाळत असते, आणि त्याला मारण्याऐवजी दोन दहा-दहाच्या जुड्या व सात सुट्या काड्या हाती दिल्या तर गोंधळ लवकर सुटतो. एवढे सांगायला एक पालकसभा पुरली असती. ती जूनच्या आधी राज्यभर झाली असती, तर विनोद झाले नसते असे नव्हे, पण त्या विनोदांवर हसणाऱ्या पालकाला निदान दुसरी बाजू माहीत असती.

मुर्धा-राई भागातील मुलांच्या बाबतीत घराच्या आणि शाळेच्या भाषेतील अंतराचा प्रश्न याहून अधिक जवळचा आहे. आगरी बोलीत प्रमाण मराठीतील ‘ण’च्या जागी सामान्यतः ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो. पाणी हे ‘पानी’ होते आणि शाळा ही ‘शाला’. पहिलीतले मूल जसे बोलते तसे लिहिते, तेव्हा वहीवर लाल शेरे पडतात आणि पालकाला सांगितले जाते की मूल अशुद्ध लिहिते, घरी शुद्ध बोलत जा. हा सल्ला शास्त्राच्या दृष्टीने कच्चा आणि माणुसकीच्या दृष्टीने कठोर आहे. बोलीतील हा फरक नियमबद्ध आहे, म्हणजे तो प्रत्येक वेळी त्याच जागी आणि त्याच प्रकारे होतो. ज्या मुलाने आवाज नीट ओळखून त्याचे अक्षर लिहिले त्याला वाचनाची मुख्य किल्ली सापडलेली असते, आणि प्रमाण लेखनातील ‘ण’, ‘ळ’ त्याला दोन-तीन वर्षांत सरावाने येतात. घराने आपली बोली सोडावी असे सांगितल्यास होते ते एवढेच की आजी नातवंडाशी कमी बोलू लागते, आणि मुलाच्या शब्दसंपत्तीचा सर्वांत मोठा स्रोत आटतो. उलट, मासळीचे वाटे लावून गिऱ्हाइकाशी तोंडी हिशेब करणाऱ्या आईला तिचे हे कसब म्हणजेच गणित आहे आणि ते मुलासमोर मोठ्याने करावे, असे कोणत्याही शाळेने सांगायला हरकत नाही.

बोलीमुळे होणारी चूक आणि शिकण्यातील खरी अडचण यांतला भेद ओळखता येणे ही यापुढची पायरी होय, आणि येथे पालकांना मदतीची सर्वाधिक गरज आहे. विशिष्ट अध्ययन अक्षमता ही संज्ञा अशा स्थितीसाठी वापरली जाते की ज्यात मुलाची बुद्धी, दृष्टी आणि श्रवण यांत मोठी उणीव नसताना आणि शिकण्याची संधी मिळूनही त्याला वाचणे, लिहिणे किंवा गणित करणे सातत्याने आणि वयाच्या मानाने फारच जड जाते; वाचनातील अडचणीस डिस्लेक्सिया, लेखनातील अडचणीस डिसग्राफिया आणि गणितातील अडचणीस डिसकॅल्क्युलिया म्हणतात. देवनागरीत ही अडचण मात्रा-वेलांटी गळणे, जोडाक्षर फोडता न येणे, घ-ध किंवा भ-म यांसारख्या दिसायला जवळच्या अक्षरांत वर्षानुवर्षे गोंधळ होणे, आणि विशेषतः एकच शब्द एकाच पानावर तीन प्रकारे लिहिला जाणे, अशा रूपांत दिसते. बोलीतील फरक नियमाने होतो, ही चूक नियम पाळत नाही. शिक्षकाला आणि पालकाला निदान संशय घेण्यापुरता हा फरक उपयोगी पडतो. पहिली-दुसरीत अशा चुका बहुतेक मुले करतात, म्हणून घाईने शिक्का मारणेही घातक. आणि चष्म्याची गरज, कानातला जुना स्राव, दीर्घ गैरहजेरी किंवा मध्येच बदललेले माध्यम ही साधी कारणे आधी तपासली पाहिजेत.

‘तारे जमीन पर’ या २००७ च्या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोहोचवला, पण महाराष्ट्राची या क्षेत्रातील वाटचाल त्याआधीची आहे : अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत अधिक वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांबाबत सवलत अशा सुविधा या राज्याने १९९६ पासून देण्यास सुरुवात केली. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला. दिव्यांग मुले ओळखण्यासाठी दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण करण्याचे कर्तव्यही त्याच कायद्याने शासन व स्थानिक प्राधिकरणांवर टाकले. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी शिक्षकाने प्राथमिक चाळणी करावी, त्यानंतर तज्ज्ञांनी तपासणी करावी, असा क्रम घालून दिला होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ज्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची आरोग्यतपासणी होते आणि विकासातील विलंबही पाहिला जातो, तो तर फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथूनच सुरू झाला.

कागदावर सर्व काही आहे. प्रत्यक्षात मुर्ध्यातील एखाद्या आईच्या मनात शंका आली, तर तिने प्रथम कोणाला विचारावे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयातील अध्ययन अक्षमता चिकित्सालय हे या विषयातील मुंबईचे जुने आणि मान्यताप्राप्त ठिकाण आहे. तेथे पोहोचण्यासाठी बसने भाईंदर स्थानक, तेथून पश्चिम रेल्वेने दादर आणि दादरला गाडी बदलून सायन असा प्रवास करावा लागतो. डोळे व कान यांची तपासणी, बुद्धिमापन, शैक्षणिक चाचणी आणि समुपदेशन हे एका भेटीत होत नाही, आणि प्रत्येक भेट म्हणजे एक खाडा. परिणामी अनेक घरांत मूल दहावीला पोहोचल्यावर ‘सवलत मिळते म्हणे’ एवढ्याच आधारावर धावपळ सुरू होते, आणि ज्या काळात उपचारात्मक अध्यापनाचा, म्हणजे मुलाच्या नेमक्या अडचणीवर बेतलेल्या स्वतंत्र शिकवण्याचा, खरा उपयोग झाला असता ती सात-आठ वर्षे हातची गेलेली असतात. त्यात ‘दिव्यांग’ या नावाचा धसका असतो. मुलीच्या लग्नाला अडचण येईल, भावकीत बोलतील, शाळा काढून टाकेल, अशा भीतीपोटी पालक प्रमाणपत्र नको म्हणतात; ही भीती उपदेशाने जात नाही, प्रमाणपत्राने नेमके काय मिळते आणि काय काढून घेतले जात नाही, हे शांतपणे व खाजगीत सांगितल्याने ती कमी होते.

माध्यमाच्या प्रश्नावर येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. २०२५ च्या एप्रिल व जूनमध्ये निघालेले आणि २९ जूनला मागे घेतलेले तिसऱ्या भाषेचे शासननिर्णय, आणि त्यानंतर जुलैमध्ये मीरा रोडला निघालेला मोर्चा, यांमुळे या शहराने भाषेवरील चर्चा पुरेशी ऐकली आहे. त्या चर्चेत पालकाच्या रोजच्या अडचणीला मात्र जागा मिळाली नाही : घरी इंग्रजी कोणाला येत नसताना इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलाला मदत कशी करायची? परिचित भाषेत पक्के झालेले वाचन दुसऱ्या भाषेला आधार देते, हे भाषाशिक्षणात सर्वसाधारणपणे मान्य आहे. म्हणून धडा इंग्रजीत असला तरी त्यात काय होते हे मुलाने घरी आगरीत, मराठीत किंवा भोजपुरीत सांगावे आणि मोठ्यांनी ते ऐकून प्रश्न विचारावेत, एवढे जरी पालकांना कळले तरी आपण निरुपयोगी आहोत ही त्यांची भावना कमी होईल. त्यांनी निवडलेले माध्यम चूक की बरोबर, हा न्याय सभेत देऊ नये; नोकरीच्या चिंतेतून केलेली ती निवड आहे आणि त्या चिंतेवर शाळेजवळ दुसरे उत्तर नाही.

आता मागणीविषयी. यातील बहुतेक गोष्टींसाठी नवी योजना लागत नाही. शाळा व्यवस्थापन समिती कायद्याने अस्तित्वात आहेच; तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, पण तिच्या बैठकांचा वेळ इमारत, निधी आणि कार्यक्रम यांत जातो; मुलांच्या वाचनपातळीचा विषय प्रत्येक बैठकीच्या कामकाजात पहिल्या क्रमांकावर असावा, असा आदेश आपला विभाग काढू शकतो. राज्याच्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानाने २०२२ पासून माता-गटांची कल्पना रुजवली, मेळाव्यात मुलाने टेबलाटेबलावर काय केले हे आईसमोर दाखवले आणि विकासपत्र तिच्या हाती दिले. हा चांगला प्रघात पहिलीच्या उंबरठ्यावर संपू न देता निदान पाचवीपर्यंत चालवावा. सभा रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर घ्याव्यात, आणि शाळेऐवजी गावातल्या देवळाच्या मंडपात, चर्चच्या सभागृहात किंवा चाळीच्या ओट्यावर घेण्याची मोकळीक मुख्याध्यापकांना द्यावी. शिक्षकांना त्या बदल्यात सुट्टी मिळावी, कारण त्यांच्यावर आधीच सर्वेक्षणे आणि निवडणुकीच्या कामांचा भार आहे आणि आणखी एक काम फुकटात लादल्यास तेही कागदावरच उरेल. सभेत भाषणे नसावीत. प्रत्येक पालकाला दहा मिनिटे मिळावीत, मुलाने त्याच्यासमोर एक उतारा मोठ्याने वाचावा, एक उदाहरण सोडवावे, आणि शिक्षकाने एवढेच सांगावे की येथपर्यंत आले आहे, येथे अडते आहे, घरी हे एक करून पाहा. इतर पालकांसमोर कोणाच्याही मुलाची तुलना वा उणीव बोलली जाऊ नये.

अध्ययन अक्षमतेसाठी महापालिकेने स्वतःच्या एखाद्या दवाखान्यात किंवा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस प्राथमिक चाळणी, डोळे-कान तपासणी व समुपदेशन एकत्र मिळेल अशी सोय उभी करावी, जेणेकरून सायनला जावे लागलेच तर पूर्ण कागदपत्रांसह आणि कमीत कमी खेपांत जाता येईल; त्या दवाखान्याचा पत्ता आणि वार प्रत्येक प्रगतिपुस्तकाच्या मागील पानावर मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दूत छापावा. प्रगतिपुस्तकातच श्रेणीच्या खाली एक ओळ वाढवावी : मूल कोणत्या इयत्तेच्या पातळीचा मजकूर समजून वाचू शकते. ही ओळ लिहिणे शिक्षकाला जड जाईल आणि काही पालकांना ती वाचवणार नाही, तरीही ती लिहिली गेली पाहिजे.

येत्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर या पद्धतीची पहिली सभा मुर्धा गावात, कामावरून लोक परतल्यावर, संध्याकाळी घ्यावी आणि शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांनी तिला व्यासपीठावर न बसता पालकांच्या रांगेत बसून उपस्थित राहावे, ही विनंती.

कळावे.